त्याचे नाव राहून गेले



दरवर्षी ६ जानेवारी उजाडली की आमच्या घरातल्या शालींमध्ये एकीची भर पडते. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले, म्हणून महाराष्ट्रात हा पत्रकार दिन. त्या दिवशी कुठली ना कुठली संस्था आम्हाला बोलावते, शाल पांघरते, हातात नारळ देते, आणि आम्ही लोकशाहीचा चौथा खांब असल्याची आठवण करून देते. नारळाची घरी चटणी होते. शाल अम्मी मोहल्ल्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या खालाला देऊन टाकते. खांब मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलला किक मारत बसतो, कारण बॅटरी बदलायला पैसे झालेले नसतात.

आम्ही चंद्रपूरचे. नागपुरात छापल्या जाणाऱ्या एका दैनिकासाठी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या बातम्या पाठवतो. मधली काही वर्षे अहेरीला होतो, आता पुन्हा घरी आहोत. लोक विचारतात, ‘तुमचे काम नेमके काय?’ आमची धाकटी लेक लहान असताना याचे उत्तर फार सोपे देत असे. ती म्हणायची, ‘अब्बू लोकांना फोन करून विचारतात, काय झालं?’ एवढ्या वर्षांत आम्हाला याहून चांगली व्याख्या सापडलेली नाही.

दिवस कसा जातो

फज्रची नमाज झाली की पहिला फोन पोलीस नियंत्रण कक्षाला, दुसरा वनविभागातल्या ओळखीच्या माणसाला, तिसरा सामान्य रुग्णालयात. या तीन फोनांत रात्री जिल्ह्यात काय घडले ते कळते. मग चहा, मग आपलेच वर्तमानपत्र. आपण पाठवलेली बातमी किती कापली गेली हे पाहायचे, आणि दुसऱ्यांच्या पेपरात काय आले आणि आपल्याकडून काय सुटले हेही. सुटले असेल तर नऊच्या सुमाराला नागपूरहून फोन येतोच.

दुपारी जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय, कोर्ट. तीन वाजल्यानंतर लिहिणे. तालुक्याचे पान सात-साडेसातला सुटते, तोवर सगळे पाठवून मोकळे व्हायचे. त्यानंतर काही घडलेच, तर ते मुख्य पानावर जाण्याच्या लायकीचे असावे लागते. आमच्या भागात मुख्य पानाच्या लायकीचे म्हणजे बहुधा कुणाचे तरी मरण.

वर्षाचाही एक ठरलेला फेरा असतो. चैत्रात महाकालीची यात्रा. नांदेडकडून, तेलंगणातून माणसे येतात आणि झरपट नदीच्या काठी उतरतात. मे महिन्यात ऊन. पारा ४५-४६ वर गेला की नागपूरहून फर्मान येते, ‘तापमानाचा फोटो पाठवा.’ तापमानाचा फोटो कसा काढायचा हे आम्हाला आजवर कुणी सांगितलेले नाही. आम्ही तोंडाला दुपट्टा बांधलेल्या मुलींचा फोटो पाठवतो. पावसाळ्यात इरई नदी फुगली की रहमतनगरात पाणी शिरते, आणि तिकडे भामरागडला पर्लकोटेचा पूल बुडतो. ऑक्टोबरात दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा दिल्यावर बाबासाहेब चंद्रपूरला आले आणि १६ तारखेला इथेही दीक्षा दिली. म्हणून दरवर्षी त्या दिवसांत शहरात निळा समुद्र असतो. मोहरममध्ये जिल्हा कारागृहाचे दार उघडते. आत दर्गा आहे, आणि त्या दिवसांत कैद्यांच्या त्या आवारात सगळ्या धर्मांची माणसे रांगेने जातात. याच कारागृहात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी गोंड वीर बाबूराव शेडमाके यांना फाशी दिली. आम्ही दरवर्षी त्या दारातून आत जातो तेव्हा ही गोष्ट मनात येतेच. फाशीचा पिंपळ आणि नवसाची चादर एकाच भिंतीच्या आत आहेत.

या ठरलेल्या बातम्या आम्ही डोळे मिटून लिहू शकतो. खरे सांगायचे तर तोच धोका आहे. भामरागडचेच पाहा. पूल बुडाला की आमचा मथळा ठरलेला, ‘शंभरावर गावांचा संपर्क तुटला’. एकदा पूर ओसरल्यावर आम्ही तिकडे गेलो होतो. एका माडिया म्हाताऱ्याला दुभाष्यामार्फत विचारले, ‘संपर्क तुटला तेव्हा काय केले?’ त्याला प्रश्नच कळेना. शेवटी दुभाषा हसून म्हणाला, ‘तो विचारतो, तुमचा तुटला होता का?’ त्यांची शेजारची गावे, जंगल, मासे सगळे जागेवर होते. तुटला होता तो दवाखाना, शिधा आणि आपण. तेव्हापासून आम्ही बातमीत किती गावे यापेक्षा किती गरोदर बाया पलीकडे आहेत हे आधी विचारतो.

अंतर आणि भाषा

शहरातल्या वाचकांना आमच्या भागाचा आवाका सांगायला हवा. १९८२ च्या २६ ऑगस्टपर्यंत हा सगळा एकच चंद्रपूर जिल्हा होता. त्या दिवशी गडचिरोली वेगळा झाला. तरीही एकट्या गडचिरोलीचा विस्तार चौदा हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, आणि त्यातले बहुतेक जंगल. गडचिरोली गावातून सिरोंचाला जायचे म्हणजे दोनशे किलोमीटर तुडवावे लागतात. सिरोंचात बाजारात तेलुगू ऐकू येते. मुलचेरा, चामोर्शीकडे निर्वासित म्हणून वसवलेल्या गावांत बंगाली. कोरचीकडे छत्तीसगढी. आत गेलात की गोंडी आणि माडिया. आणि वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात आमची गोड झाडीबोली.

म्हणजे एखादी घटना आमच्यापर्यंत येते तेव्हा ती दोन-तीन भाषांचे नाले ओलांडून आलेली असते. माडियात घडलेले कुणीतरी मोडक्या हिंदीत पोलीस पाटलाला सांगतो, पोलीस पाटील झाडीबोलीत ठाण्यात सांगतो, ठाणे सरकारी मराठीत प्रसिद्धिपत्रक काढते, आणि आम्ही त्याचे छापील मराठी करतो. प्रत्येक नाल्यात काहीतरी वाहून जाते. सर्वांत आधी वाहून जाते ते नाव. एका गावात मडावी, आत्राम, पुंगाटी एवढीच आडनावे असतात, एकाच नावाची तीन-तीन माणसे असतात, आणि घरात हाक मारायचे नाव कागदावरच्या नावाहून वेगळे असते.

आम्ही या धंद्यात आलो तेव्हा मोबाइल नव्हते. बातमीचे पाकीट एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचे, आणि नागपूरच्या स्टँडवर कार्यालयाचा माणूस ते उतरवून घ्यायचा. पाकीट पोहोचेपर्यंत मनात पुन्हा विचार करायला वेळ असायचा. कधी चूक आठवली तर पीसीओवरून फोन करून थांबवता यायची. आता बोट लावले की बातमी गेली. सोय झाली हे खरे. पण चुकीला वाटेत उतरायला आता थांबा उरला नाही.

पैशाची गोष्ट

आमच्यासारख्या बहुतेक वार्ताहरांना पगार नसतो, मानधन असते. त्यात महिन्याचे पेट्रोल निघाले तरी अल्लाहचे शुक्र मानावे. घर चालते ते अंकाच्या एजन्सीवर, जाहिरातींच्या कमिशनवर, कुणाचे दुकान, कुणाची शेती, कुणाच्या बेगमचा शिवणक्लास यांवर. आमच्या घरात हा शेवटचा प्रकार आहे, हे कबूल करायला लाज कसली?

अडचण जाहिरातींची आहे. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि नेत्यांचे वाढदिवस यांच्या जाहिराती आम्हीच मागून आणायच्या. आणि ज्याच्याकडे मागायच्या तो बहुधा कंत्राटदार. ज्याने बांधलेला रस्ता पहिल्या पावसात उखडला, त्याचाच अर्ध्या पानाचा शुभेच्छा संदेश. अशा वेळी बातमी लिहायची की नाही, हा प्रश्न आमच्यापुढे कितीदा आला हे आम्ही मोजलेले नाही. प्रत्येक वेळी आम्ही लिहिलीच, असे म्हटले तर ते खोटे होईल.

ती चूक

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हा सगळा पसारा मांडला, तिच्याकडे येतो.

२०१८ सालचा रमजान मे महिन्यात आला होता. आमच्या जंगलात मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे अंधारातच अख्खे घर जंगलात जाते, पाने तोडते, दुपारी अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधते आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून देते. पंधरा-वीस दिवसांच्या या कामात शाळेचे कपडे, बियाणे, उधारी, सगळे भागवायचे असते. वाघ आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी जातात.

त्या दिवशी दुपारी उशिरा फोन आला. सावलीकडच्या एका गावात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या माणसाला वाघाने मारले. गावाचे नाव आम्ही इथे लिहीत नाही. आम्ही चंद्रपुरात होतो. घशाला कोरड, डोके दुखत होते, आणि इफ्तारला जेमतेम तास राहिला होता. तिकडे पान सुटायची वेळही तीच. जाऊन येणे शक्य नव्हते. गावातल्या एका ओळखीच्या तरुणाला फोन लावला. त्याच्या मागे रडारड, आरडाओरड चालली होती. आम्ही नाव विचारले, त्याने सांगितले. वय विचारले, सांगितले. वनविभागाच्या माणसाचा फोन व्यग्र लागत होता. आम्ही दोनदा लावला. तिसऱ्यांदा लावला नाही. बातमी पाठवली, आणि अजान झाली तेव्हा खजूर हातात होता.

सकाळी कळले. मेला होता तो धाकटा भाऊ. आम्ही नाव छापले होते थोरल्याचे.

फोनवरच्या त्या तरुणाने थोरल्याचे नाव का सांगितले? गोंधळात आम्ही ‘कोणाकडचा माणूस?’ असे विचारले असेल, त्याने घरच्या कर्त्याचे नाव सांगितले असेल. आमच्या ध्यानात नाही, त्याच्याही नाही. पण पेपर सकाळी गावोगाव गेला. थोरल्याची मुलगी दुसऱ्या तालुक्यात दिलेली. तिच्या सासरी कुणीतरी पेपर वाचला. ती तशीच, पायात चप्पल न घालता, मिळेल त्या गाडीने बापाच्या मातीला निघाली. गावात पोहोचली तर बाप दारात उभा. ती तिथेच कोसळली. आणि आत घरात ज्या मुलीचा बाप खरोखरच गेला होता, तिच्या बापाचे नाव कुठल्याच ओळीत नव्हते.

डेस्कवर फोन केला. दुसऱ्या दिवशी सातव्या पानावर तीन ओळींची दुरुस्ती आली, ‘अनवधानाने’ या शब्दासह. आमचा मामला तिथे संपला, असे आम्हाला वाटले.

अब्बांना वाटले नाही. अब्बांचे जटपुरा गेटजवळ सायकल दुरुस्तीचे दुकान होते. शाळा चौथीपर्यंत. आमचे नाव छापून आले की ते पान घडी करून ठेवायचे, पण मराठी वाचताना बोट ठेवून एकेक शब्द लावावा लागे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘पूछा था, के सुना था?’

आम्ही गप्प बसलो. मग ते म्हणाले, ‘जाकर माफी मांग. फोन पे नहीं.’

गेलो. आयुष्यात पोलिसांच्या नाकाबंदीतून, रात्रीच्या जंगलातून गेलो आहोत, पण त्या अंगणात पाऊल टाकताना जेवढे जड वाटले तेवढे कधी नाही. वाटले, लोक मारतील. थोरला भाऊ खाटेवर बसला होता. आम्ही कोण ते सांगितले. तो बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘मी तं जिता आहो जी. माझं नाव छापून आलं तं काय बिघडलं? पण त्याचं नाव राहून गेलं. त्याचं नाव एकदाच येणार होतं पेपरात.’

आम्ही दुरुस्तीचे पान खिशातून काढून दाखवले. त्याला वाचता येत नव्हते. त्याच्या पुतणीने, म्हणजे गेलेल्या माणसाच्या लेकीने, ते हातात घेतले आणि मोठ्याने वाचले. तीन ओळी. बापाच्या नावाशी आल्यावर थांबली, पुन्हा एकदा तेवढेच नाव वाचले, आणि पान आत घेऊन गेली.

घरातून कुणी चहा आणला. थोरल्याने हाताने थांबवले. ‘तुमचा रोजा असन ना, जी,’ तो म्हणाला. ज्या घरात दोन दिवसांपूर्वी माती झाली, त्या घराला आमचा रोजा आठवला. निघताना त्याने पळसाच्या पानाचा द्रोण करून त्यात पिकली टेंभरे घालून दिली. परतीच्या वाटेवर मगरिब झाली तेव्हा गाडी बाजूला लावून आम्ही त्याच टेंभरांनी रोजा सोडला. गळ्याखाली उतरत नव्हती, पण टाकवतही नव्हती.

आकडा आणि नाव

त्या दिवसानंतर आम्ही मोठे शूर पत्रकार झालो, असे काही नाही. एकच सवय लागली. नाव दोन माणसांना विचारल्याशिवाय पाठवायचे नाही. त्यातला एक घरचा हवा. पान सुटत असेल तर ‘नाव कळू शकले नाही’ असे लिहायचे, पण ऐकीव नाव लिहायचे नाही.

सवय लागली की डोळ्याला वेगळ्या गोष्टी दिसायला लागतात. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला. पोलिसांच्या जलद प्रतिसाद पथकाचे १५ जवान गेले. ते ज्या गाडीतून चालले होते ती खासगी होती, आणि तिचा चालकही गेला. मथळ्यात १५ चा आकडा आला. चालक बातमीत खाली कुठेतरी, ‘आणि वाहनचालक’ असा. वर्दी नसलेला सोळावा माणूस. त्याच्याही घरी चूल होती.

१० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायांना एकाच दिवशी वाघाने मारले. देशभर बातमी गेली. दूरवरच्या वाहिन्यांवर वाघांची संख्या, ताडोबाचे पर्यटन, संघर्षाची कारणे यांवर तज्ज्ञ बोलले. बोलायला हवेच. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ साली झाला, वाघ वाढले, आणि ते प्रकल्पाच्या रेषेत थांबत नाहीत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूलच्या गावांना लागून राहतात. शासन आता मृताच्या वारसांना २५ लाख रुपये देते, त्यातले काही हातात आणि बाकी बँकेत ठेव म्हणून. ही रक्कम थोडी नाही. पण आम्ही अशा घरी जातो तेव्हा पाहतो, की माणसे रकमेबद्दल शेवटी बोलतात. आधी सांगतात, ती किती लवकर उठायची, दिवसाला किती पुडे बांधायची, कोणत्या लेकराला तिच्याशिवाय झोप येत नाही. ते लिहून घ्यायला वेळ लागतो. आणि नेमका तोच बातमीत कापला जातो.

गडचिरोलीच्या आतल्या भागात तर नावाच्या आधीचा एक शब्द घर उद्ध्वस्त करू शकतो. रात्री बंदूकवाले येतात, गावातल्या एखाद्याला नेतात, सकाळी रस्त्यावर प्रेत आणि शेजारी पत्रक, की हा पोलिसांचा खबरी होता. दुसऱ्या दिवशी आम्ही ‘खबरी’ असे छापले तर मारणाऱ्यांचा आरोप आम्हीच पक्का केला. त्याची बायको-मुले त्याच गावात राहणार आहेत. उलट बाजूनेही तसेच. चकमकीत मेलेल्या माणसाच्या नावामागे कोणता शब्द लावायचा, हे प्रसिद्धिपत्रक सांगते. तो कोण होता, हे मात्र त्याच्या गावात जाऊनच कळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या वरिष्ठ माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्या दिवशी दिल्ली-मुंबईच्या गाड्यांची रांग लागली होती. संध्याकाळी त्या परत गेल्या. आम्ही इथेच आहोत, आणि दोन्ही बाजूंनी ज्यांची माणसे गेली ती घरेही इथेच आहेत. त्यांची यादी अजून कुणीतरी नीट लिहायची आहे.

भीती कशाची

पाहुणे विचारतात, ‘तुम्हाला वाघाची भीती वाटत नाही? नक्षलवाद्यांची?’ वाटते. पण खरी भीती ओळखीच्या माणसाची असते. ज्याच्याविरुद्ध सकाळी लिहिले, तो संध्याकाळी त्याच टपरीवर चहाला भेटतो. त्याची मुले आमच्या मुलांच्या शाळेत असतात.

राजापूरचे शशिकांत वारिशे आमच्यासारखेच गावपातळीवरचे पत्रकार. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी त्यांची रिफायनरीच्या वादाशी संबंधित बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांना गाडीखाली चिरडले गेले. दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविषयी बातमी होती, त्यालाच पोलिसांनी अटक केली. आमच्या शेजारी, इंद्रावतीपलीकडे बिजापूरला मुकेश चंद्राकर नावाचा तरुण पत्रकार होता. २०२१ साली माओवाद्यांनी पकडलेल्या जवानाला सोडवून आणण्यात त्याचा हात होता. बंदुकीच्या छायेत तो वावरला, तगला. पुढे एका रस्त्याच्या कामातली लबाडी बाहेर आली, आणि २०२५ च्या जानेवारीच्या ३ तारखेला कंत्राटदाराच्या आवारातल्या सेप्टिक टाकीत त्याचा मृतदेह सापडला. तीन दिवसांनी आमचा पत्रकार दिन होता. त्या वर्षीची शाल अम्मीला आम्ही लगेच देऊन टाकली. घरात ठेववेना.

पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ साली कायदा मंजूर केला आहे. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. चांगली गोष्ट आहे. पण कायदा हल्ला झाल्यावर येतो. त्याआधी माणसाला वाचवते ती एकच गोष्ट, आपण लिहिले ते खरे आहे हे गावाला ठाऊक असणे. चुकीची बातमी देणाऱ्याच्या मागे कोणीच उभे राहत नाही. म्हणून शहानिशा हे पुण्य तर आहेच, आमच्यासारख्यांसाठी ते चिलखतही आहे.

तुमच्या हातातली बातमी

हे सगळे या मासिकात का लिहिले? कारण आता प्रत्येक घरात एक वार्ताहर आहे. मोबाइलवर काहीतरी येते, आपण पुढे ढकलतो. अमक्या गावात अमक्याने असे केले, अमक्या समाजाचा माणूस होता, फोटो सोबत. अशा बातम्यांत आपल्या समाजाचे नाव किती सहज ओवले जाते, याची तक्रार आपण सगळेच करतो, आणि ती खरी आहे. पण आपल्या गटांत दुसऱ्यांविषयी आलेली बातमी आपण विचारून पुढे पाठवतो का? कुरआनात सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमी आणणाऱ्यावर आंधळा विश्वास न ठेवता तिची शहानिशा करण्याची ताकीद आहे, नकळत कुणाचे नुकसान होऊन पस्तावण्याची पाळी येऊ नये म्हणून. ही ताकीद फक्त पेपरवाल्यांसाठी असल्याचे कुठे म्हटलेले नाही.

अब्बा आता नाहीत. दुकान बंद झाले. पण संध्याकाळी सात वाजता बोट त्या बटणावर गेले की त्यांचा प्रश्न कानात येतो. कधी कधी त्यामुळे बातमी चुकते, दुसऱ्या पेपरात आधी येते, नागपूरहून बोलणी खावी लागतात. खातो.

तो थोरला भाऊ अजूनही आम्हाला फोन करतो. त्याच्या भागात काही घडले की पोलिसांच्या आधी कधी त्याचाच फोन येतो. नमस्कार-चमत्कार नाही, घटना नाही, सुरुवातीला एकच वाक्य असते, ‘भाऊ, पहिले नाव लिहून घ्या.’ मग तो शेजारी उभ्या असलेल्या कुण्या शाळकरी पोराच्या हाती फोन देतो, आणि ते पोर एकेक अक्षर सावकाश सांगत जाते. आम्ही लिहून घेतो, आणि त्याला परत वाचून दाखवतो.